बायका एसटी सोडून वडाप का धरतात, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की ठराव कसा लिहायचा एवढंच विचारलंय. तासगाव-सांगली रोडपासून दीड किलोमीटर आत तुमचं गाव, एसटीच्या दिवसाला चार फेऱ्या होत्या त्यातली दुपारची बंद झाली, आगारात गेलात तर तोंडीच सांगितलं की तुमच्याकडं भारमान (म्हणजे गाडी किती भरते ते) मिळत नाही, आणि आता ग्रामपंचायत सदस्य म्हणून तुम्ही 'महिलांसाठी स्वतंत्र बस' असा ठराव करायच्या विचारात आहात. आणि मग शेवटी जाता जाता लिहिलंय की गावातल्या बायकाच म्हणतात, "आम्हाला कशाला बस, वडाप (म्हणजे सीटवर पैसे घेऊन चालणारी खाजगी जीप) बरंय की." तुम्ही ते वैतागून लिहिलेलं दिसतंय. मला मात्र तुमच्या सगळ्या लिहिण्यातलं कामाचं वाक्य तेच वाटलं.

माझं सांगायचं तर मी सिव्हिल इंजिनिअर, पण आयुष्य गेलं वाहतुकीच्या नियोजनात. सुरुवातीची वर्षं चौकात छत्री घेऊन गाड्या मोजण्यात, नंतर बसचे मार्ग, थांबे, फूटपाथ असले आराखडे. राहते सांगलीत, विश्रामबागला. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, त्यामुळं खाली जे सांगते त्यातलं काही तुमच्याकडं लागू पडेल, काही नाही, ते तुम्ही ठरवा.

आता वडापचं बघू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. वडापला पूर्ण पैसे. म्हणजे तुमच्या गावातल्या बायका, ज्या भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतात, त्या रोज जास्त पैसे देऊन जीपमध्ये दहा जणांत अकरावी म्हणून बसतात. उगाच कोण असं करत नाही. त्या जास्तीच्या पैशात त्या काहीतरी विकत घेतायत, आणि ते काय हे जर आपण शोधलं तर ठरावात काय लिहायचं ते आपोआप कळतं.

मी हा प्रश्न वेगवेगळ्या गावांत विचारलाय आणि उत्तरं फार साधी येतात. वडापवाल्याला फोन लावता येतो. तो थांबतो, म्हणजे पोराला चप्पल घालेपर्यंत थांबतो. घराच्या बोळापाशी सोडतो. गावातलाच असतो, त्याच्या आईला आपण ओळखतो, म्हणून वेडंवाकडं वागायची त्याची टाप नसते. दळणाचा डबा, पाटी, पोतं कुरकुर न करता टपावर टाकतो. एखाद्या दिवशी सुट्टे नसले तर "उद्या द्या काकू" म्हणतो. यातली एकही गोष्ट 'महिलांसाठी' म्हणून केलेली नाही बघा, आणि तरी आम्ही लोक ज्याला मोठ्या मीटिंगांमध्ये महिलांच्या गरजा म्हणतो त्या सगळ्या यात आल्या.

याचा अर्थ वडाप चांगलं असा नाही. ड्रायव्हरशेजारी चौथी सवारी म्हणून एखाद्या पोरीला बसवतात तेव्हा गिअर टाकताना काय होतं हे प्रत्येक पोरीला माहीत असतं. अपघात झाला तर विम्याचे वांधे. आणि भरल्याशिवाय हलत नाही, संध्याकाळी सातनंतर तर विषयच नाही. म्हणून मी वडापची तरफदारी करत नाहीये. एसटीत नेमकं काय कमी पडतं ते दाखवणारा आरसा म्हणून ते वापरा एवढंच म्हणतेय.

आता 'प्रवासी मिळत नाहीत' हे. आगारवाला खोटं बोलत नाहीये, पण त्याच्याकडं जे दिसतं तेवढंच तो बोलतो. एक किस्सा सांगते. आम्ही एकदा घरोघरी प्रवासाचा सर्व्हे करत होतो, फॉर्मवर पहिला प्रश्न घरातून रोज कोण कोण प्रवास करतं. दारात मालक उभे. म्हणाले, मी कारखान्यावर जातो, पोरगा कॉलेजला, आमची मंडळी घरीच असते. सर्व्हेला आलेल्या आमच्या पोरानं लिहून घेतलं आणि निघाला. मी आत डोकावून वहिनींना विचारलं, आज सकाळपासून कुठं कुठं गेला होता? लहान्याला अंगणवाडीत सोडलं, येताना गिरणीत दळण टाकलं, मग बचत गटाचा हप्ता भरायला बँकेत, तिथनं सासूबाईंच्या गोळ्या आणल्या, आल्यावर दळण घेतलं आणि पोराला घेतलं. मालक बाहेरून म्हणाले, "ते काय प्रवास हाय व्हय?" आता गंमत बघा, आमच्या फॉर्ममध्येसुद्धा कामावर, शाळेत आणि इतर असे तीनच रकाने होते. वहिनींचा सगळा दिवस 'इतर' मध्ये गेला. फॉर्म मीच तपासून पास केलेला होता, त्यामुळं दोष कुणाला देणार.

ही एका घरातली गोष्ट नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याचा देशभर सर्व्हे केला, त्यात घरच्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाला २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ९७. म्हणजे जवळपास पाच तास विरुद्ध दीड तासाच्या थोडं वर. आता ज्याच्याकडं असे पाच तासांचे तुकडे दिवसभर विखुरलेले असतात तो माणूस सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सहाला येणाऱ्या बसमध्ये कसा बसेल. तो बाहेर पडणार सकाळचं आवरून साडेदहा-अकराला, आणि पोरं शाळेतून यायच्या आत परतणार. आणि आगाराचं वेळापत्रक बघितलंत तर बरोबर त्याच वेळेत गाड्या कमी असतात, कारण सकाळी शाळा-कॉलेज-ऑफिसची गर्दी ओढून झालेली असते.

म्हणून तुमची नेमकी दुपारचीच फेरी गेली. ती जाण्याची पद्धत पण ठरलेली असते. गाडी कमी, ड्रायव्हर रजेवर, म्हणून एक दिवस फेरी रद्द होते. फाट्यावर तासभर ताटकळलेली बाई दुसऱ्या दिवशी वडाप धरते, किंवा जायचंच टाळते. आठ दिवसांत असं दोनदा झालं की त्या फेरीवर कुणी विसंबत नाही. मग भारमान पडतं, मग कागदावर 'प्रवासी नाहीत' येतं आणि फेरी कायमची बंद. ज्या बाईनं जायचंच सोडलं, दवाखाना पुढच्या आठवड्यावर ढकलला, शिवणक्लास सोडला, ती कुठल्याच आकड्यात येत नाही. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी खोट आहे असं मी मानते, आम्ही गाडीत बसलेले मोजतो.

पण तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट आहे. अर्ध्या तिकिटाचे पैसे एसटीला सरकारकडून परत घ्यायचे असतात, त्यामुळं कंडक्टरच्या मशीनमधून महिला सवलतीचं तिकीट वेगळं नोंदलं जातं. म्हणजे कुठल्या फेरीला कुठल्या टप्प्यावरून किती बायका चढल्या याची नोंद आता रोजच्या रोज तयार होते, पूर्वी यासाठी आम्हाला माणसं उभी करायला लागायची. ही माहिती आगाराकडं मागा. प्रेमानं मागा आधी, नाही मिळाली तर माहिती अधिकार आहेच. फक्त वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पंचाहत्तरीच्या पुढच्या आज्ज्या अमृत ज्येष्ठ योजनेत फुकट जातात, त्यांची नोंद तिकडं वेगळी. बारावीपर्यंतच्या शाळा-कॉलेजच्या मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासवर, त्या तिकिटात दिसणारच नाहीत. आणि एसटीच्या भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा, त्यामुळं तुमचं गाव आणि तुमचा फाटा एकाच टप्प्यात येत असतील तर बाई गावातून चढली की दीड किलोमीटर चालत येऊन फाट्यावरून, हे मशीनला कळत नाही. आणि तुमचा सगळा प्रश्न त्या दीड किलोमीटरमध्येच आहे, म्हणून ते तुम्हाला हातानंच मोजायला लागेल.

(अवांतर: ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. मिरज तालुक्यातल्या ज्या बायकांचं माहेर कागवाड-अथणीकडं, त्यांना म्हैसाळच्या पुढं पूर्ण तिकीट. पलीकडं कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना प्रवास फुकट, पण तो तिथल्या रहिवासी बायकांना. माहेरवाशीण दोन्हीकडून गेली.)

आता स्वतंत्र महिला बस. माझं मत नाही असं आहे, निदान तुमच्या गावासाठी. मुंबईत ५ मे १९९२ ला लेडीज स्पेशल लोकल सुरू झाली ती चालली, कारण मागची लोकल तीन-चार मिनिटांत येते आणि बायकांची गर्दी अख्खी गाडी भरेल एवढी असते. पुण्यात पीएमपीनं, म्हणजे तिथल्या शहर बससेवेनं, ८ मार्च २०१८ ला फक्त बायकांसाठी तेजस्विनी बस काढल्या, तिथं त्याच रस्त्यावर दुसऱ्या गाड्या होत्या. तुमच्याकडं तीन फेऱ्या. त्यातली एक बायकांची केली तर नवऱ्याबरोबर दवाखान्याला निघालेली बाई कुठं बसणार? सासऱ्यांना घेऊन मिरजेला जाणारी? आणि दोन महिन्यांनी आगार म्हणणार, बघा, तुम्हीच मागितली आणि अर्धी रिकामी जाते. शिवाय एक महिला बस दिली की उरलेल्या गाड्यांत बायकांचं काही बघायला नको अशी सगळ्यांची समजूत होते, हे मी स्वतः बघितलंय.

त्यापेक्षा आहे त्या गाडीत चढता येईल असं बघा. एकदा सकाळी मी एका फाट्यावर वही घेऊन बसले होते. गाडी आली ती थांब्याच्या पुढं वीस पावलांवर आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, सगळ्यांची पळापळ. एका पोरीसारख्या दिसणाऱ्या बाईच्या कडेवर मूल, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. तिनं आधी पिशवी पायरीवर ठेवली, मग पदर कमरेला खोचला, मग एका हातानं दांडा धरून वर व्हायला गेली तर पाय साडीत अडकला. मागच्या माणसानं "चला वैनी" करत पाठीला हात लावला. मदतीचा होता का कसला होता देव जाणे, पण तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. गाडी गेल्यावर मी दुसऱ्या गाडीची वाट बघितली आणि टेप लावून बघितला, रस्त्याची कड खचलेली, तिथून पहिली पायरी दीड फुटाच्या वर होती. शहरी बससाठी केंद्राची जी मापं आहेत त्यात गाडीच्या आतली जमीन रस्त्यापासून ४०० मिलिमीटर, ६५० किंवा ९०० अशी धरलेली आहे, ४०० वाली म्हणजे लो-फ्लोअर. गावाकडच्या लाल गाडीची जमीन याहून उंच असते आणि ती तुम्ही-मी बदलू शकत नाही. पण गाडी खाली येत नसेल तर माती वर घेता येते. थांब्यावर आठ-दहा फूट लांब, अर्धा फूट उंच सिमेंटचा कट्टा घाला, कडेला उतार ठेवा म्हणजे म्हाताऱ्यांना चढता येईल. ग्रामपंचायतीला न झेपणारं काम नाही हे. अट एकच, ड्रायव्हरनं गाडी कट्ट्याला लावून उभी केली पाहिजे, आणि ते सांगायला आगारात एकदा चहा प्यायला जायला लागतं. फाटा मोठ्या रस्त्यावर असेल तर मात्र बांधकाम खात्याला विचारल्याशिवाय कट्टा घालू नका, नाहीतर उद्या तोच उखडून टाकतील.

दीड किलोमीटरच्या वाटेचं. इथं तुम्ही दिवे मागाल, मागा, पण आधी वर्षभर तो रस्ता कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडं ऊस. मार्चमध्ये ऊस गेलेला असतो, फाट्यावरून गावातलं देऊळ दिसतं, पोरी गप्पा मारत चालत येतात. तोच रस्ता ऑगस्टपासून दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर हिरवी भिंत होतो, वारा आला तरी दचकायला होतं, आणि दिवस लहान होत जातो तसा साडेसहाला अंधार. मोठमोठ्या कंपन्या सुरक्षेची पाहणी करून जातात ती बहुतेक उन्हाळ्यात, कारण मार्चअखेर बिल काढायचं असतं. तर रात्रीचे दिवे फाट्यावर आणि वळणावर घाला, सगळीकडं पुरणार नाहीत. आणि रस्त्याकडेचं गवत, काटेरी झुडपं गणपतीच्या आधी एकदा साफ करा. उसाची पहिली सरी रस्त्यापासून थोडी आत घ्यायला शेतकऱ्याला सांगून बघा, ऐकेल न ऐकेल, जमीन त्याची.

यावर अजून एक उपाय स्वस्तातला आहे, अंधार पडल्यावर बाईनं सांगितलं तर कंडक्टरनं थांब्याच्या आधी-नंतर, तिच्या वस्तीजवळ उतरवून द्यायचं. कॅनडात माँट्रियल शहरात रात्रीच्या बसला ही सोय १९९६ पासून आहे. आपल्याकडं विनंती थांबा हा प्रकार नवीन नाहीच, फक्त तो कंडक्टरच्या मर्जीवर असतो. तुम्ही तो संध्याकाळच्या फेरीसाठी लेखी मागा.

छेडछाडीबद्दल तुम्ही लिहिलंय की "आमच्याकडं तशी काही तक्रार नाही". नसणारच. पोरीनं घरी सांगितलं की त्या पोराचं काही होत नाही, हिचं कॉलेज बंद होतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. दिल्ली विद्यापीठातल्या मुलींवर गिरिजा बोरकर यांनी केलेला अभ्यास आहे, मुली चांगलं कॉलेज सोडून त्याहून खालचं घेतात कारण तिथं जायचा रस्ता सुरक्षित वाटतो. सांगलीला विलिंग्डन कॉलेजला मार्क बसत असताना तासगावातच ॲडमिशन घेणाऱ्या मुलीला एकदा खरं कारण विचारून बघा, पण तुम्ही नको, तुमच्या आशाताईंना किंवा अंगणवाडी ताईंना विचारायला सांगा. गाडीतल्या, संकटात दाबायच्या लाल बटणावर मात्र फार भिस्त ठेवू नका. नियमानं ते असतं, पण मी ज्या ज्या बायकांना विचारलं त्यांतल्या कुणालाच ते दाबल्यावर कुठं वाजतं हे सांगता आलं नाही.

स्वच्छतागृहाचं एकच वाक्य लिहिते, कारण सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही: प्रवासाला निघायच्या दिवशी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेसाठीच असतो, फाट्याची जागा तुमच्या हद्दीत असेल तर त्यातून होऊ शकतं, ग्रामसेवकांना विचारा. किल्ली कुणाकडं राहणार ते ठरवल्याशिवाय मात्र बांधू नका. मी अशा हिरकणी कक्षात गेलेय जिथं लेकराला पाजायची जागा कुलपात होती आणि किल्ली आणायला गेलेला माणूस जेवून आला.

एक गट तुमच्या प्रश्नात आलाच नाही म्हणून सांगते. तासगाव भाग म्हणजे द्राक्ष. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, त्यानंतरची विरळणी, या सगळ्या कामाला बायकांच्या टोळ्या सकाळी सातला छोट्या टेम्पोतून उभ्यानं जातात. मालवाहू गाडी, माणसं न्यायची परवानगीच नाही, उलटली तर भरपाईचा पत्ता नाही. त्या बायकांना एसटी कधी उपयोगी पडेल असं मला वाटत नाही, रोज वेगळी बाग, वेगळा रस्ता. पण टेम्पोऐवजी बसायला बाक असलेली परवान्याची गाडी लावा एवढा आग्रह बागायतदारांकडं गावानं धरला तर होऊ शकतं. बागायतदार तुमच्या पॅनेलमधले असतील तर अवघड आहे, ते तुमचं तुम्ही बघा.

तर ठराव. आतापर्यंतचं सगळं धरून तुम्हाला मागायच्यात तीन गोष्टी: दुपारची फेरी परत, पण जुन्या वेळेला नाही तर बायका सांगतील त्या वेळेला, संध्याकाळच्या फेरीला लेखी विनंती थांबा, आणि तीन महिने ती फेरी एकदाही रद्द न करण्याचं आश्वासन. तिसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची आणि ती कुणीच करत नाही. गाडी नियमित आली तरच बायका वडाप सोडतील, आणि मग भारमानावर बोला. बदल्यात गावानं काय करायचं तेही ठरावात लिहा, कट्टा, दिवे, झुडपं. रात्री गावात राहणारी मुक्काम गाडी येत असेल तर ड्रायव्हर-कंडक्टरला बंद दाराची खोली आणि संडास द्या. नुसती देवळाची ओसरी असली तर बाई कंडक्टरला ती ड्युटी करताच येत नाही.

हे सगळं आधी महिला ग्रामसभेत ठेवा, ती मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यायचीच असते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर सह्यांपुरती होते. तुमच्याकडं खरी घ्या, दुपारी दोनला, आणि तुम्ही पाच मिनिटं बोलून बाहेर जा. राग मानू नका, पण पुरुष सदस्य बसलेला असला की बायका बस चांगली आहे म्हणतात.

आणि मोजणी. आठवडा बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस, असे दोन दिवस, सकाळी सहा ते रात्री आठ, फाट्यावर दोन मुली वही घेऊन बसवा, बचत गटातल्या असल्या तर उत्तम, मजुरी द्या त्यांना. प्रत्येक बाईमागं एकच ओळ: वेळ, चालत आली की कशानं, सोबत काय (मूल, ओझं, म्हातारं माणूस), कशात बसली, किती वेळ उभी होती. जाताना नाव विचारू नका, पण "गाडी किती वाजता असती तर बरं झालं असतं" एवढं जरूर विचारा. आगार व्यवस्थापकाला अर्जासोबत त्या वहीची झेरॉक्स द्या, एक प्रत सांगलीला विभाग नियंत्रकांना. शाळा सुरू व्हायच्या आधी, एप्रिलअखेरीस दिलात तर जूनच्या वेळापत्रकात बसायची शक्यता जास्त, नंतर दिला तर पुढच्या वर्षावर जातं असा माझा अनुभव आहे.

वहीची पानं भरली की इथंच फोटो टाका. वेळा बघून दुपारची गाडी बाराची मागायची की दीडची, ते आपण मिळून ठरवू. सांगलीत साडेबाराला सुटलेली गाडी माधवनगर-बुधगावला गर्दीत अडकते, ते पण धरायला लागेल.